मातीचे नमुने स्वच्छ आले तरी...

पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून गळती झाली का हे तपासताना, टाकीभोवतीच्या मातीत पेट्रोल सापडलं नाही, म्हणजे भूजल सुरक्षित, असं काही जण म्हणतात. इथे मला काळजी वाटते. पेट्रोलमधले सगळे घटक मातीला धरून बसत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाचं उदाहरण बघा. पेट्रोलमध्ये मिसळलेलं एमटीबीई हे रसायन पाण्यात सहज विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि बेंझीन या पेट्रोलमधल्याच विषारी घटकापेक्षा सावकाश विघटित होतं. भूमिगत टाक्या आणि पाइपांमधून झिरपून ते शहराच्या विहिरींपर्यंत पोचलं. 1996 मध्ये चार्नॉक आणि आर्केडिया इथल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचं जवळपास निम्मं पाणी तिथूनच येत होतं!

म्हणून निरीक्षण विहिरी (भूजल तपासण्यासाठी खणलेल्या अरुंद विहिरी) हव्यातच, आणि किमान तीन, त्रिकोणात. त्याशिवाय भूजलाचा उतार कुठल्या दिशेला आहे हे कळत नाही. विहिरीची जाळी, म्हणजे नळीचा पाणी आत येऊ देणारा छिद्रांचा भाग, पाण्याच्या पातळीच्या थोडी वर आणि थोडी खाली असावी, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतं. जाळी खोल बसवली तर तो थर हुकतो. पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजा. पातळी खालीवर होते तसं पेट्रोल मातीला माखत जातं.

पाण्याच्या नमुन्याची कुपी काठोकाठ भरा, वर हवेचा बुडबुडाही नको, आणि लगेच बर्फात ठेवा. बेंझीन उडून गेलं तर अहवाल खोटाच स्वच्छ येतो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे, इतक्या कमी प्रमाणात नाकाला काहीच कळत नाही.