मदत हवी आहे: राइडच्या आधीच्या व्हेट (पशुवैद्य) तपासणीत घोडीची नाडी चढते

नमस्कार मंडळी,

माझ्या घोडीला पहिल्यांदाच 40 किमीच्या एन्ड्युरन्स राइडला (लांब पल्ल्याच्या घोडदौडीला) उतरवायचं आहे. वय नऊ, तब्येत ठणठणीत, सरावात दमही चांगला टिकतो. अंतराची काळजी नाही, धास्ती आहे ती सुरुवातीच्या तपासणीची.

तबेल्यात मी स्वतः स्टेथोस्कोप लावतो तेव्हा ठोके मिनिटाला 36 ते 40 भरतात. अनोळखी माणूस जवळ आला की मान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या आणि ठोके थेट 60 च्या वर. आमच्या डॉक्टरांनी हृदय नीट ऐकलंय, दोष काही नाही. पण गेटवर (वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर) ठोक्यांची 64 ची मर्यादा असताना निघतानाच तपासणीच्या कार्डावर 60 लिहिले गेले तर पुढे काय?

दुसरी अडचण ट्रॉटची, म्हणजे व्हेटसमोर दोरीने धरून दुडक्या चालीने पळवून दाखवण्याची. दोरी ढिली सोडली की ती माझ्या पुढे पळते, आवळली की मान वाकडी करते. व्हेटला हे लंगडणं वाटेल का?

एकांनी निघण्याआधी शांत करणारं औषध द्यायला सुचवलं. मला ते अजिबात पटत नाही. औषधाशिवाय काय करता येईल ते जाणकारांनी कृपया सांगावं. नालही बदलायला आलेत, ते कधी करू?

प्रतिसाद 1

औषधाला नाही म्हणालात ते फार बरं केलंत. शांत करणारी आणि वेदनाशामक औषधं स्पर्धेत निषिद्ध असतातच, पण मुख्य म्हणजे त्यांनी दुखणं झाकलं जातं आणि तेच दुखणं घेऊन जनावर मैलोन् मैल पळतं.

नाडीचं म्हणाल तर, भीतीने चढलेले ठोके घोडी निवली की झपाट्याने उतरतात, दुखण्याने चढलेले रेंगाळतात. अनुभवी व्हेटला हे माहीत असतं. 'अनोळखी माणसाला बुजते, थोड्या वेळाने परत मोजाल का?' असं सरळ विचारा. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच पोहोचा, ओळखीचा घोडा शेजारी बांधा आणि तपासणीच्या वेळी तिची मान खाली राहील असं बघा. तोवर घरी रोज वेगवेगळ्या माणसांना तिच्या डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावायला सांगा. हिरडीवर बोट दाबून सोडणं (रंग दोन सेकंदांच्या आत परतायला हवा), खांद्यावरची कातडी चिमटीत धरणं, पोटाला दोन्ही बाजूंनी कान लावणं, पाठीवरून आणि तंगाच्या (खोगिराच्या पट्ट्याच्या) जागेवरून हात फिरवणं, सगळ्याची सवय करा.

ट्रॉटवर मात्र खरी मेहनत घ्या. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं. दोरी आवळलेली असली की ही हालचाल दिसत नाही, म्हणून व्हेट ढिली दोरी मागतात. तुम्ही तिच्या डाव्या खांद्याशी राहा, नजर समोर ठेवा, मागे वळून ओढू नका. कडक, सपाट जमिनीवर सरळ जाऊन परत या. वळताना तिला चालीवर आणा आणि स्वतः बाहेरच्या बाजूने फिरा, म्हणजे व्हेटच्या आणि तिच्या मध्ये येणार नाही. मोतद्दार धरणार असेल तर सराव त्यालाही हवा.

प्रतिसाद 2

नाल आठवडाभर आधी करून घ्या. खिळा खुराच्या आतल्या नाजूक भागाजवळ बसला असेल तर लंगडणं तेवढ्यात कळतं आणि सुधारायला वेळ मिळतो. आदल्या दिवशी नालबंदाला मुळीच बोलावू नका.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आजपासूनच ढिल्या दोरीचा सराव सुरू करतो. आणखी एक: काही गेटवर ट्रॉटनंतर पुन्हा नाडी घेतात म्हणे, ते कशासाठी?

प्रतिसाद 1

आधी ठोके मोजतात, मग 125 फूट जाऊन तेवढंच परत ट्रॉट करवतात, आणि ट्रॉट सुरू केल्यापासून एक मिनिट झालं की पुन्हा मोजतात. आकडा तेवढाच किंवा कमी आला तर उत्तम. चार-पाच ठोक्यांनी वाढला तर थकवा, पाणी कमी पडणं किंवा वेदना यांची शंका घेऊन व्हेट पुन्हा बारकाईने बघतात. तुमच्या घोडीसारख्या बुजऱ्या जनावराचं हे मोजमाप सरावातच करून वहीत लिहून ठेवा आणि ती वही तपासणीला सोबत न्या.