इनटेक मॅनिफोल्ड बदलल्यावर व्हॅक्यूमच्या नळ्या कुठे जोडाव्यात?

प्रश्न:
येथे अमेरिकेत माझ्या जुन्या शेव्हरोले पिकअपच्या ३५० घनइंची व्ही-८ इंजिनावर मी नवे अॅल्युमिनियम इनटेक मॅनिफोल्ड (हवा-इंधनाचे मिश्रण सिलिंडरांत नेणारा भाग) व चार बॅरलचा कार्ब्युरेटर बसवला आहे. ब्रेक बूस्टर (ब्रेक दाबायला मदत करणारा), पीसीव्ही (इंजिनातील वाफा परत ओढून घेणारा व्हॉल्व्ह), डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा) आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा मॉड्युलेटर (व्हॅक्यूमनुसार गिअर बदलणे ठरवणारा) यांच्या व्हॅक्यूमच्या नळ्या आता कुठे द्याव्यात?

उत्तर १:
ब्रेक बूस्टरची जाड नळी, तिचा एकदिशा व्हॉल्व्ह कायम ठेवून, थेट मॅनिफोल्डलाच स्वतंत्रपणे जोडावी. येथे तडजोड नको. पीसीव्ही कार्ब्युरेटरच्या तळाच्या मोठ्या तोंडाला द्यावा. मॉड्युलेटरलाही मॅनिफोल्डचाच व्हॅक्यूम हवा, अन्यथा गिअर उशिरा आणि धक्क्याने बदलतात.

उत्तर २:
डिस्ट्रिब्युटरबाबत जाणकारांत मतभेद आहेत. कार्ब्युरेटरवर थ्रॉटलच्या झडपेच्या वर असलेल्या तोंडाला आयडलवर (इंजिन रिकामे, मंद चालू असताना) व्हॅक्यूम जवळजवळ नसतो, झडपेच्या खालच्या तोंडाला तो पूर्ण असतो. माझ्या मते बॉनेटखालच्या मूळ आकृतीप्रमाणे जोडणेच योग्य. मूळ टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासताना मात्र ही नळी काढून तिचे तोंड बंद करावे.

उत्तर ३:
उरलेली तोंडे रबरी टोप्यांनी बंद करावीत, कारण तेथून हवा शिरली की मिश्रण विरळ होऊन आयडल अस्थिर होते. ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काढण्यापूर्वी आपल्या राज्याचे उत्सर्जन नियम अवश्य पाहावेत.