मदत हवी आहे: धबधब्याशेजारचा कातळ वर सरकताना का दिसतो?

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. पावसाळ्यात नववीच्या मुलांना घेऊन आंबोलीच्या धबधब्यावर गेलो होतो. एक मुलगी पडणाऱ्या पाण्याकडे बराच वेळ टक लावून पाहत होती, मग तिने शेजारच्या ओल्या कातळाकडे नजर वळवली आणि ती ओरडली, "सर, कातळ वर चढतोय!" मीही अर्धा मिनिट पाण्याकडे पाहून खात्री करून घेतली. शेवाळाचा पट्टा आणि त्यातून डोकावणारा नेचा सावकाश वर सरकत होता, आणि तरीही जिथल्या तिथेच होता. त्याचे टोक वरच्या भेगेपर्यंत कधी पोहोचलेच नाही. काही सेकंदांत सारे स्थिर झाले.

शोध घेतल्यावर कळले की रॉबर्ट ॲडम्स यांनी स्कॉटलंडमधील फॉयर्सच्या धबधब्यावर हाच अनुभव घेऊन १८३४ मध्ये त्याची नोंद केली होती. पाण्यामागोमाग डोळे नकळत खाली सरकत राहतात आणि नजर वळवल्यावरही ती सवय लगेच सुटत नाही, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. मला ते पटले आणि मी वर्गात तसेच सांगितले. त्यावर त्याच मुलीने विचारले, "डोळेच सरकत असतील तर बाजूची झाडे आणि कठडा का नाही सरकला?" माझ्याकडे उत्तर नव्हते. चित्रपट समजावताना आम्ही जे दृष्टिसातत्य शिकवतो, म्हणजे प्रतिमा दृष्टिपटलावर १/१६ सेकंद टिकून राहते, तेही येथे उपयोगी पडत नाही, कारण पाण्याची प्रतिमा रेंगाळली असती तर कातळ उलट दिशेने सरकण्याचे काहीच कारण नव्हते. योग्य कारण काय, आणि खर्चिक उपकरणांशिवाय वर्गात ते कसे दाखवता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

सर, आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. तिला हे अवश्य सांगा. जोसेफ प्लॅटो या बेल्जियन शास्त्रज्ञाने १८४९ मध्ये फिरत्या सर्पिलाचा जो प्रयोग केला, तोही याच मुद्द्याला भिडतो. पुठ्ठ्याच्या चकतीवर जाड सर्पिल काढा, सायकल उलटी उभी करून ती चकती चाकाच्या मधोमध बांधा आणि सर्पिल आत आत ओढले जात आहे असे दिसेल त्या दिशेने चाक सावकाश फिरवा. अर्ध्या मिनिटाने मुलांना स्वतःच्या तळहाताकडे पाहू द्या. तळहात फुगताना दिसेल. डोळा एकाच वेळी सर्व बाजूंना सरकू शकत नाही, त्यामुळे नजरेच्या सवयीचे स्पष्टीकरण येथेच संपते.

मेंदूच्या दृष्टिकेंद्रात वेगवेगळ्या दिशांच्या हालचालींना प्रतिसाद देणाऱ्या वेगवेगळ्या चेतापेशी असतात. स्थिर कातळ पाहतानाही वरच्या आणि खालच्या दिशेच्या पेशी थोडा प्रतिसाद देतच असतात, पण तो तोलात असतो. पाणी पाहून खालच्या दिशेच्या पेशींचा प्रतिसाद मंदावतो आणि पारडे वरच्या दिशेकडे झुकते. वस्तू कोठे आहे याची नोंद मात्र बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे होते, म्हणून नेचा सरकतो पण जागा सोडत नाही. हालचालीचे काम किती वेगळे आहे, हे म्युनिकमधील एका रुग्ण स्त्रीवरून दिसले. तिची माहिती १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंना इजा झाल्यावर तिला रंग आणि आकार ओळखता येत होते, पण कपात ओतला जाणारा चहा गोठल्यासारखा दिसे आणि कप केव्हा भरला हे कळत नसे.

चित्रपटाच्या बाबतीतही दृष्टिसातत्य अपुरे आहे. मानसशास्त्रज्ञ वेर्टहायमर यांनी १९१२ मध्ये दाखवले की दोन जागी आळीपाळीने दाखवलेल्या रेषा योग्य अंतराने आल्या तर एकच रेषा सरकल्यासारखी दिसते. प्रतिमा नुसती टिकून राहिली असती तर दोन रेषा एकत्र दिसल्या असत्या.

आणखी एक करा: एक डोळा झाकून सर्पिल पाहायचे आणि मग झाकलेल्या डोळ्याने तळहात पाहायचा.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल प्रयोग केला. झाकलेल्या डोळ्यानेही बहुतेकांना तळहात फुगताना दिसला, मात्र जरा फिका. लहानपणापासून तिरळेपणा असलेल्या एका मुलाला तसे मुळीच दिसले नाही. ज्या डोळ्याने सर्पिल पाहिले होते त्याच डोळ्याने तळहात पाहिल्यावर मात्र स्पष्ट दिसले. याचा काही संबंध असावा का?

प्रतिसाद २

संबंध आहे. दोन्ही डोळ्यांकडून आलेली माहिती दृष्टिपटलात नव्हे, तर मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील पेशींत एकत्र येते, म्हणून हा परिणाम एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे जातो. बालपणी डोळे एका रेषेत नसतील तर अशा सामायिक पेशी कमी राहतात आणि परिणाम क्षीण होतो किंवा पोहोचतच नाही. मात्र एवढ्यावरून निदान करू नका आणि त्याला वर्गासमोर वेगळे काढू नका. नेत्रतज्ज्ञांकडे अलीकडे तपासणी झाली आहे का, एवढे पालकांना एकांतात विचारा.