मच्छीमाराचं कर्ज: परतफेड तारखेला बांधायची की मासळीला?

खाडीकाठचा:
एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. किसान क्रेडिट कार्ड तर २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातच मच्छीमारांना जाहीर झालं होतं. वेळेत फेडलं तर व्याज ४ टक्के. तरी सीझनच्या तोंडावर डिझेल-बर्फ-रेशनसाठी नाखवा व्यापाऱ्याच्याच दारात उभा. कारण व्यापारी व्याज मागत नाही, मासळी मागतो. पापलेट त्यालाच घालायचं, भाव तो म्हणेल तो. पण फेरी रिकामी गेली तर तो थांबतो. बँक थांबत नाही.

केरळ-तमिळनाडूत 'सिफ्स' या मच्छीमार सहकारी संस्थांच्या महासंघाच्या गावसंस्था किनाऱ्यावर मासळीचा लिलाव करतात आणि त्यातूनच कर्जाचा भाग कापून घेतात. मासळी नाही त्या दिवशी कापणं नाही. आपल्याकडे हेच हवं.

खातेवही:
बँकेत नोकरी करतो म्हणून लिहितो. या कार्डाला दरमहा हप्ता नसतो हो. काढा, भरा, पुन्हा काढा. उत्पन्न जसं येतं तशी परतफेड ठरवायची, असं रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतच आहे. २ लाखांपर्यंत तारणही लागत नाही. अडतं कुठे, तर विक्री रोखीत आणि हिशेब दलालाच्या वहीत. मी कर्जाची मर्यादा कशावर ठरवू? शिवाय यांत्रिक नौकांसाठी एनसीडीसीची, म्हणजे राष्ट्रीय सहकारी विकास निगमाची, कर्जं घेतली, त्यांच्या थकबाकीवर कोणी बोलत नाही. माफीची वाट बघणारे असले की नियमाने फेडणाऱ्यालाही शाखेत संशयाने बघतात.

मावरेवाली:
तुम्ही दोघं बोटीवरून खाली उतरायलाच तयार नाही! समुद्रातल्या मासेमारीसाठी कार्ड हवं तर नोंदणीकृत नौका हवी, स्वतःची किंवा भाड्याने घेतलेली, वर परवाना. माझे बाबा दुसऱ्याच्या बोटीवर वाट्याने जातात, आई बाजारात टोपली घेऊन बसते. तिचं भांडवल पहाटे घेतलेलं, रात्री फेडलेलं. कागद कसला दाखवणार?

आणि कॅलेंडर बघा जरा. १ जूनला मासेमारी बंद, ती ३१ जुलैपर्यंत. जूनच्या मध्यावर शाळा उघडते. वह्या, गणवेश, क्लासची फी, सगळं त्याच ६१ दिवसांत. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याला निदान पीककर्ज मिळतं. आम्हाला काय? केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत बंदीकाळाची मदत आहे: सरकारचे ३०००, आपलेच साठवलेले १५००. दहावीच्या एका पोराच्या क्लासला तरी पुरतात का?

उधाण:
फीचं पटलं. पण शिकून ही पोरं पुन्हा बोटीवर नको. मत्स्यव्यवसाय विभाग सहा महिन्यांचं प्रशिक्षण देतो, नौकानयन आणि इंजिनची देखभाल. चांगलं आहे, पण बापाचा धंदा पोराच्या गळ्यात बांधायची ती सोय वाटते मला. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी खलाशी का दिसतात? आपली मुलं बाहेर पडली म्हणून. उत्तम झालं.

मावरेवाली:
@उधाण, सगळी ऑफिसात गेली असं वाटतं का तुम्हाला? दहावीत अडकलेली रिक्षा चालवतायत. केरळात मच्छीमारांच्या मुलांसाठी सरकारी निवासी फिशरीज हायस्कुलं आहेत. नेहमीची दहावी होते, सोबत मासेमारीचं तंत्र. जायचं त्याने जावं, राहायचं त्याने राहावं. आपल्याकडे आधी अकरावी-बारावीसाठी वसतिगृह द्या, मग गळ्यात काय बांधलं ते बोलू.

खातेवही:
@खाडीकाठचा, तुमच्या सिफ्सवर परत येतो. तिथे छोट्या होड्या बहुतेक त्याच दिवशी गावच्याच किनाऱ्याला लागतात. आपल्या मोठ्या बोटी आठ-दहा दिवसांनी येतात आणि मासळी थेट ससून डॉकला उतरवतात. गावची संस्था कापणार कुठे? त्यापेक्षा मासळी संस्थेमार्फत विका, शिक्क्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, आणा. एका सीझनच्या पट्ट्या असल्या तरी मी फाइल पुढे सरकवेन.

खाडीकाठचा:
संस्थेला मासळी द्यायची तर व्यापाऱ्याची उचल अंगावर नको. ती फेडायला कार्डातून पैसे द्याल?

खातेवही:
नाही. खेळत्या भांडवलासाठीच आहे ते. जुनी देणी त्यात बसत नाहीत.

खाडीकाठचा:
मग पट्टी कुठून आणू?