डॅम्पर की नुसता हब?

भाऊ, 'नायट्रो इंजिनाला जितका जड डॅम्पर तितकं बरं' हे तुमचं म्हणणं पटत नाही. (नायट्रो म्हणजे नायट्रोमिथेन जाळणारं रेसिंग इंजिन; डॅम्पर म्हणजे क्रँकशाफ्टचे, थोडक्यात क्रँकचे, हादरे शोषणारी पुढची चकती.) टॉप फ्युएल या ड्रॅग रेसिंगच्या गटातली धाव १००० फुटांची, चार सेकंदांच्या आत संपते. तिथं आधी हब, म्हणजे क्रँकच्या टोकावर बसणारा मधला भाग, पाहा. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरचा पट्टा क्रँकच्या पुढच्या टोकावरून चालतो आणि त्याला शेकडो हॉर्सपॉवर लागते. हब क्रँकवर घट्ट बसलेला नसेल तर त्याला क्रँकशी अडकवणारी चावी (धातूची छोटी पट्टी) कापली जाते. साध्या रबरी रिंगचा डॅम्पर तर नकोच. रबर सुटलं की बाहेरची रिंग सरकते, टायमिंगची (ठिणगीची वेळ जुळवायची) खूण चुकते. आमच्या वर्धेकडं जुन्या डिझेल जीपांच्या क्रँक पुलीत हेच दिसतं, उन्हाळ्यात जास्तच. डॅम्पर लावायचाच तर एसएफआय या रेसिंग-सुरक्षा संस्थेच्या १८.१ मानकाचा शिक्का तपासून घ्या, रिंग फुटली तर जीवावर बेततं.