घरघर लागते, घरघर होते: दम्याबद्दल लिहिताना कोणते शब्द वापरावेत?

मुलांच्या एका दवाखान्यासाठी मी दम्याचं माहितीपत्रक मराठीत लिहितेय. 'व्हीझिंग'साठी 'घरघर' हा शब्द घेतला आणि प्रश्न केला, 'तुमच्या मुलाला घरघर लागते का?' कच्चा मजकूर एका आईला वाचायला दिला, तर तिचे डोळेच भरून आले. "ताई, घरघर तर माणूस जाताना लागते ना?" तिचं म्हणणं खरंच होतं. मग दुसरा शब्द कोणता? रिलीव्हर (त्रास झाला की लगेच घ्यायचा) आणि प्रिव्हेंटर (त्रास होऊ नये म्हणून रोज घ्यायचा) या दोन पंपांना, म्हणजे इनहेलरना, काय म्हणायचं, तेही सुचवा.

प्रतिसाद

'घरघर' राहू द्या, 'लागणे' तेवढं काढा. 'घरघर लागली' म्हटलं की मराठी माणसाला शेवटच ऐकू येतो. 'छातीत घरघर होते' म्हटलं की तो नुसता आवाज राहतो. आवाजावरून नाव द्यायची रीत फार जुनी आहे. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार दिलेत. त्यांतल्या तमकश्वासाच्या, म्हणजे आजच्या दम्याशी जुळणाऱ्या प्रकाराच्या, वर्णनात 'घुर्घुरक' हा शब्द येतो. रोग्याला बसल्यावर बरं वाटतं आणि ढगाळ, पावसाळी, गार हवेत त्रास वाढतो, हेही तिथेच येतं. ते वाचलं तेव्हा मला माझी आजी दिसली. पहाटे तीनला खाटेवर उठून बसलेली, मांडीवर उशी, उशीवर दोन्ही कोपरं, मान पुढे. आम्ही म्हणायचो, "आजी, आडवी हो गं." ती नुसता हात हलवायची. बोलायला श्वासच उरलेला नसायचा.

पण एकट्या 'घरघर'वर थांबू नका. सर्दीने घसा भरलेल्या तान्ह्या बाळालाही आपण घरघरतंय म्हणतो. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते, भोवतीचे स्नायू आवळतात, आणि श्वास सोडताना नळ्या आणखी अरुंद होतात. म्हणून 'श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा सूं-सूं आवाज येतो का?' असं विचारा. लोक 'श्वास घेता येत नाही' म्हणतात, पण पुष्कळदा आत गेलेली हवाच बाहेर पडत नसते.

'धाप' आणि 'दम' वेगळे. जिना चढल्यावर धाप कोणालाही लागते. 'दम' म्हणजे फारसीत श्वास. दम कोंडणे, दम खाणे, दमछाक हे सगळे त्याच श्वासाचे, आणि 'दमा'ही तिथलाच. शम-दमातला 'दम' संस्कृत, त्याचा अर्थ आवर घालणे.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. हे सगळे शब्द त्रास चालू असतानाचे आहेत. धाप थांबली, आवाज थांबला, की आपण 'दमा गेला' म्हणून मोकळे होतो. आतली सूज मात्र तशीच असू शकते, तिला आपल्याकडे शब्दच नाही. लहान मुलांच्या बाबतीत 'बाळदमा' म्हणून विषय संपवतात. मुलगी असली तर पुढे लग्नात अडचण नको म्हणून 'ॲलर्जीचा खोकला' म्हणतात. काही मुलांचा त्रास वयाबरोबर कमी होतो हे खरं, पण तोवर औषध तर हवंच ना! तुमच्या पत्रकात 'दमा' हा शब्द स्वच्छ लिहा, कृपा करून.

प्रतिसाद

पंपांबद्दल. आमच्याकडे लोक 'रोजचा पंप' आणि 'तातडीचा पंप' म्हणतात, तेच ठेवा. 'प्रतिबंधक' लिहिलंत तर लस वाटेल. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड सूज हळूहळू उतरवतं, त्याचा गुण त्याच दिवशी जाणवत नाही. तातडीच्या पंपातलं साल्ब्युटामॉल काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करतं. म्हणून घरोघरी पहिला सुटतो आणि दुसरा उशाशी राहतो. मोठ्यांनी आणि बारा वर्षांवरच्या मुलांनी निव्वळ दुसऱ्यावर विसंबू नये, असं 'जिना' (GINA) या दम्यावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शनात 2019 पासून स्पष्ट आहे. काहींना डॉक्टर एकाच पंपात दोन्ही प्रकारची औषधं देतात, त्यासाठी एक ओळ मोकळी सोडा.

आणि 'सवय लागते' हे वाक्य! लागणे पुन्हा आलंच. 'पंपाची सवय लागते' म्हणताना लोकांच्या मनात दारू-तंबाखूच असते. त्यापुढे आकडेच लिहा. साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत 4 मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा हिस्सा. कारण ते थेट छातीत जातं.

मूळ प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. प्रश्न आता असे केलेत: 'गेल्या चार आठवड्यांत खोकल्याने किंवा दम्याने रात्री झोपमोड झाली का? श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का? तातडीचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का?' एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर 'दमा आटोक्यात नाही, डॉक्टरांना दाखवा' असं खाली लिहिलंय. तिथे आधी लिहिलेला 'अनियंत्रित' हा शब्द खोडला. 'रोजच्या पंपानंतर चूळ भरा' हेही घातलंय.

आज त्याच आईला पुन्हा वाचायला दिलं. तिने शिट्टीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे होतं याला. पहाटे."