दिवसभर शेतात असणाऱ्याला रक्तदाबासाठी वेगळ्या व्यायामाची गरज असते का?

चोपड्याची लेक
माझे वडील ५४ वर्षांचे आहेत आणि चोपडा तालुक्यात आमची केळीची बाग आहे. दोन महिन्यांपूर्वी त्यांचा रक्तदाब १५२/९६ निघाला, आठवड्याने पुन्हा मोजला तेव्हाही जवळपास तेवढाच आला, म्हणून डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली आणि रोज अर्धा तास चालायला सांगितले. गोळी ते न चुकता घेतात. चालण्याचा विषय काढला की मात्र "दिनभर वावरमाच ऱ्हास ना मी!" एवढे बोलून मोकळे होतात. आजोबांना पक्षाघात झाला होता, त्यामुळे माझा जीव लागून राहतो. शेतातले कष्ट व्यायामात धरावेत का, आणि चालण्याने खरोखर किती फरक पडतो?

पांझराकाठ, धुळे
मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकावा लागतो. आधी एक पाहा, वडील शेतात नेमके काय करतात? ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवणे, बांधावर उभे राहून मजुरांना सांगणे आणि येताजाता मोटारसायकल, असा दिवस असेल तर थकवा येतो, पण हृदयाला लागणारी सलग अर्ध्या तासाची चाल त्यात कुठेच नसते. उलट खताची गोणी श्वास रोखून उचलली की दाब क्षणभर एकदम चढतो.

भरभर चालताना स्नायूंना जास्त रक्त लागते, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटून त्या सैलावतात, आणि हे नित्य घडत राहिले की त्यांचा ताठरपणा कमी होतो, शरीरातील ताणाच्या नसांचा जोर ओसरतो व हृदयाला तेच रक्त कमी श्रमात पुढे ढकलता येते. ज्यांचा दाब वाढलेला आहे, त्यांचा वरचा आकडा नियमित व्यायामाने साधारण ५ ते ८ ने उतरतो. आकडा लहान वाटला तरी पक्षाघाताच्या दृष्टीने तो मोठा आहे, आणि ज्यांना अजून रक्तदाब नाही त्यांनाही हीच चाल त्यापासून लांब ठेवते, हे तुम्ही स्वतःसाठीही लक्षात घ्यावे.

आठवड्याला १५० मिनिटे पुरतात. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतकी गती ठेवावी. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटेच चालू द्या. दाब १८०/११० किंवा त्याहून वर असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरुवात करू नये. आकडा उतरला म्हणून गोळी स्वतःहून बंद करणे तर अजिबात नको.

भुसावळकर
मी ६१ वर्षांचा असून चार वर्षांपासून चालतो आहे. पहिल्या वर्षी पावसाळ्यात दीड महिना खंड पडला आणि उतरलेला आकडा पुन्हा जुन्या जागी गेला. व्यायामाचा गुण साठवून ठेवता येत नाही, हे तेव्हा कळले. आता पाऊस असला की घरातल्या ओसरीत फेऱ्या घालतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, म्हणून सूर्य वर येण्याआधीच चालून घ्यावे. गोळी लघवी वाढवणारी असेल तर पाण्याबाबत डॉक्टरांना विचारावे. आणि चालण्याबरोबर बिबड्या, पापड व लोणचे आवरावे लागेल; दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणजे सपाट चमचाभरही नाही.

चोपड्याची लेक
दोघांचेही मनापासून आभार. काल मी त्यांच्यासोबत शेतात थांबले, तर घरापासून बागेपर्यंत आणि बागेतून विहिरीपर्यंत ते मोटारसायकलवरच फिरत होते. दाब मोजताना आम्ही चूक तर करत नाही ना? ते शेतातून आले की लगेच मोजतो.

पांझराकाठ, धुळे
तसे मोजू नका. चहा, तंबाखू किंवा श्रमानंतर अर्धा तास जाऊ द्यावा, पाठ टेकवून पाच मिनिटे शांत बसवावे, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला असावा आणि बोलू नये. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजून वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी ती वही डॉक्टरांकडे न्या. मोटारसायकलची किल्ली सकाळी अर्धा तास तुमच्याकडे ठेवून बागेपर्यंत त्यांच्याबरोबर चालत जा.